माणसं न मोजणारे थळकर मास्तर

गणिताचा परफेसर, अन् माणसं मोजत न्हाय. असा माणूस तुमी कवा बघितलाय का? म्या बघितलाय. आमच्या तेरात, माझ्याच घाण्याच्या पडवीत.

पाटलाच्या घरी लगीन व्हतं. पाटील म्हणला, "मास्तर, तुमच्या शाळंतली समदी पोरं जेवाय आणा. पत्रावळी किती लावू तेवढं सांगा."

मास्तर म्हणले, "नावं सांगतो." अन् लागले सांगायला. कुंभाराचा सोपान, गुरवाची राधा, मोमिनाचा इस्माईल. पाटील एकेक बोट मिटत गेला. दहा बोटं सरली तरी नावं सरनात. शेवटाला कावून म्हणला, "आवं, आकडा सांगा की."

"जित्या माणसाला आकडा लावत नाहीत, पाटील."

"मग पत्रावळींचं काय करू?"

"पत्रावळींना खुशाल लावा. त्या वाळलेल्या असतात."

मुंबईच्या मोठ्या कालेजात ह्यो माणूस गणित शिकवून आलेला. आभाळातला चांद किती कोस लांब हाय ते सांगायचा. पण पडवीत पोरं किती बसलीत ते इचारलं की म्हणायचा, "अजून कमी आहेत." रोज सकाळी मास्तर पोरांवरनं नजर फिरवायचे अन् त्यांच्या पोथीतली एक ओळ पुटपुटायचे. दहा शब्दांची ओळ. एका डोक्यावर एक शब्द. ओळ सरली की पुन्हा पयल्यापासनं. शेवटाला कंचा शब्द उरला त्यावरनं त्यांना कळायचं, आज कुणी दांडी मारली का. म्या पयले काही दिवस समजलो, मास्तर पोरांची दृष्ट काढायलेत. म्हणून म्याबी जाऊन उभा ऱ्हायचो.

एकदा म्या इचारलं, "मास्तर, मोजलं तर काय व्हतंय वं?"

तर म्हणले, "मोजायला लागलं की वजाबाकीही शिकावी लागते, बसप्पा." अन् हसले. म्याबी हसलो. मला काय कळलं नव्हतं, पण न कळल्याली गोष्ट म्या कवाच हसल्याबिगर सोडली न्हाय.

म्या बसप्पा तेली. शाळंचं तोंड बघितलं न्हाय. बघितलं आसतं तर शाळंनंच तोंड फिरवलं आसतं. निजामाचं राज्य व्हतं. तिकडं मोठी लढाई चालू व्हती अन् हिकडं घासलेट मिळत नव्हतं, म्हणून माझ्या करडीच्या तेलाला भाव आलता. माझ्या अकलेला मातर तवाबी गिऱ्हाईक नव्हतं.

मास्तर पयल्यांदा आले ते आठ दिसाच्या सुट्टीत. आमच्या नदीच्या काठाला जुन्या काळचे मणी, मडकी सापडत्यात, ती बघायला. मणी बघता बघता त्यांनी पोरं बघितली. ऐन शाळंच्या टायमाला नदीत डुंबणारी. सरकारी मदरशात समदं उर्दूत. आमचं पोरगं घरी मराठीत रडायचं अन् शाळंत उर्दूत मार खायचं. मग ते नदीवरच बरं म्हणायचं. मास्तर मुंबईला गेले अन् म्हैन्याभरात दोन पेट्या घिऊन माघारी आले. सरळ माझ्या दारात.

"जागा मिळेल का? शाळेसाठी हवी आहे."

म्या म्हणलं, "ह्यो तेल्याचा घाणा हाय. हितं बसलं की माणूस तेलकट व्हतंय, शाणं व्हत न्हाय."

"कशावरून?"

ह्यो त्यांचा लाडका शब्द. तुमी म्हणा आज ऊन हाय, ते म्हणणार कशावरून.

म्या म्हणलं, "कशावरून म्हंजे? माझ्यावरनं."

"हे एक उदाहरण झालं. नियम सांगा."

नियम कुठनं आणू? त्यांनी पेट्या आत घेतल्या.

मग म्हणले, "मीही तेलीच आहे." आता थळकर म्हणल्यावर म्या त्यांना कोकणातला बामण समजून लांबनं पाया पडलो व्हतो. ते म्हणले, "मी यहुदी. आम्हाला बेने इस्राएल म्हणतात. फार वर्षांमागं आमच्या लोकांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याला फुटलं. सात जोडपी वाचली. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायला लागले."

आमी लिंगायत, आमच्यात सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. म्या म्हणलं, "मग आमी सोमवार तेली की वं. दोनच दिसाचा फरक." नीलव्वा, माझी बायको, नळदुर्गाकडची. ती रागाला आली की कानडीत जाती. आतनं म्हणली, "साक. लई झालं. नातं लावाय लागलाव का लगेच?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दोरी घिऊन घाण्याचा घेर मोजला. बैल एका दिसात किती फेऱ्या घेतो ते मोजलं. बैलाचं मोजायला त्यांची हरकत नव्हती, पण आदी त्येच्या पाठीवर हात ठेवून "माफ कर राजा" म्हणले. मग पाटीवर काय काय मांडून म्हणले, "बसप्पा, तुमचा बैल वर्षातून दोनदा काशीला जाऊन येतो."

म्या त्या बैलाच्या माघं माघं चालणारा. म्हंजे म्याबी काशीला जाऊन आलो म्हणायचं. गावभर सांगत फिरलो. नीलव्वा म्हणली, "दोनदा काशीला गेलाव अन् एकदा गंगा आणली न्हाय."

मास्तरांचं जेवण आमच्याकडंच. त्यांच्या धर्मात खाण्याचे लई नेम. हे ह्याच्यासंगं न्हाय, ते त्याच्यासंगं न्हाय, मांस आसंच कापलेलं पायजे. आमच्या घरात मांस-मच्छी कवाच शिजत न्हाय, त्यामुळं त्यांचा अर्धा घोर मिटला. अर्धा उरला त्यो शनवारचा. शनवारी ते चूल पेटवत न्हाईत, दिवा लावत न्हाईत, कागदाला टाक लावत न्हाईत. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत नीलव्वा त्यांची भाकरी-आमटी निखाऱ्याच्या उबाऱ्यावर ठेवायची. मास्तर आमच्या तेलात दोन वाती लावायचे अन् डोळ्यांवर हात धरून काही तरी म्हणायचे. झालं, मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसस्तोवर काडी हातात न्हाय.

दुसऱ्याला "चूल पेटव" आसं सांगायचंबी न्हाय, हे मला ठाऊक नव्हतं. थंडीचे दिवस. शनवारी सकाळी मास्तर येऊन बैलाच्या म्होरं उभं ऱ्हायले अन् बैलाला म्हणले, "काय राजा, अशा थंडीत चहा किती छान लागतो, नाही?" म्या म्हणलं, "मास्तर, बैल च्या पीत न्हाय." ते निघून गेले. पुढच्या शनवारी पुन्हा. "राजा, गवती चहा घातला तर काय बहार येईल." म्या म्हणलं, मास्तरांना बैलाचा लई लळा हाय. तिसऱ्या शनवारी नीलव्वानं माझ्या हातातला कासरा हिसकला. "आवं, ते बैलाला म्हणत न्हाईत. तिथं दोन हुबं हायत, त्येतल्या बिनशिंगाच्याला म्हणायलेत." तवापासनं शनवारचा च्या म्या करायचो. म्या केलेला च्या पिऊन ते एकदा बैलाला म्हणले, "राजा, साखर जपून वापरायची असते हे खरं, पण पाण्याचं तसं काही नाही."

शाळंचं लई मज्याचं झालतं. शुक्रवारी सरकारची सुट्टी, जुम्मा. शनवारी मास्तरांची. सोमवारी आमचा बैल बसून, मग पडवीत घाण्याचा आवाज न्हाय, तर पोरांना चैन पडायचं न्हाय. मास्तरांनी तोडगा काढला. शनवारची शाळा तोंडी. पाटी न्हाय, खडू न्हाय, नुसतं बोलायचं. कोडी घालायची, पाढे म्हणायचे. पावकी, निमकी, सव्वाकी. आत पोरं म्हणायची, भाईर म्या अन् बैल फिरायचो.

त्यांच्या घरच्यांचं इचारलं तर मास्तर म्हणायचे, "बरे आहेत." नीलव्वा इचारायची, "बाईसाहेबांना कवा आणता?" तर म्हणायचे, "बघू." आमी समजलो, मुंबईची बाई, तिला तेर काय मानवणार. सणासुदीला कोकणातनं एखादं पोस्तकार्ड यायचं. ते वाचून झालं की पुस्तकात ठेवायचे.

आन् मग हुकूम आला. बिनइजाजतीची शाळा चालणार न्हाय. शाळा तपासणारे मोहतमीमसाहेब सवता येणार. चाळीस इद्यार्थी हजर पायजेत. न्हाईतर शाळंला कुलूप, अन् पोरं पुन्हा मदरशात, म्हंजे नदीत. दिवस ठरला शनवार.

मास्तर तर मोजणार न्हाईत. मग ठरवलं, आपुनच मोजू. आता मला मोजाय येतंय वीसपातूर, त्येच्या म्होरं पुन्हा वीस. चाळीस म्हंजे दोन वीसं. बेस्तरवारी शाळा सुटली तवा दारात उभा ऱ्हायलो. एक पोरगं भाईर पडलं की एक चिंचोका हळूच खिशात. मास्तरांना दिसू नये म्हणून वर बघून शीळ घालत व्हतो. घरी येऊन चिंचोके मांडले. दोन वीसाला दोन कमी.

म्या नीलव्वाला म्हणलं, "दोन पोरं कुठनं आणू?"

ती म्हणली, "ह्या वयात?"

"तसं न्हाय गं. आपुन बसू. तू अन् म्या."

"तुमी पोरगं दिसताव व्हय? ह्या मिशीचं काय?"

मिशी. माझ्या बापानं मला दुसरं काय दिलं न्हाय, पण मिशी दिलती. दोन्ही बाजूनं वर गेलेली. बाजारात माझं तेल कुणी ओळखत नव्हतं, मिशी ओळखत व्हते. शनवारी पाटंला न्हाव्याकडं जाऊन काढली. माघारी आलो तर कुत्रं भुकलं. बैलानं वास घेतला अन् मान फिरवली. नीलव्वा बघतच ऱ्हायली अन् म्हणली, "असं तोंड व्हतं व्हय? माझ्या बापाला आदी दाखवलं असतं तर बरं झालं असतं."

साहेब आले. काळी शेरवानी, उंच टोपी, बारीक दाढी, थकलेला माणूस. संगं त्यांचा मुन्शी, त्यो आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. म्या तिसऱ्या रांगेत गुडघे पोटाशी घिऊन बसलेलो, डोक्यावर कुंभाराच्या सोपानची टोपी. नीलव्वा पोरींच्या माघं, पदर नाकापातूर.

साहेबांनी इचारलं, "प्रोफेसर साहब, तालिब-ए-इल्म कितने हैं?"

मास्तर म्हणले, "मोजलेले नाहीत, हुजूर."

मुन्शीनं ते उर्दूत सांगितलं. साहेबांनी पुन्हा इचारलं. मुन्शीनं पुन्हा तेच सांगितलं. साहेब म्हणले, "आप रियाज़ी के उस्ताद हैं ना?"

"गणिताचाच आहे. पण माणसांना आकडा लावत नाही. आपण नावं लिहून घ्या. कागदावरच्या नावांना आकडा लावायला माझी काही हरकत नाही."

मुन्शी कपाळाला हात लावून खाली बसला अन् नावं लिवायला लागला. एकेक पोरगं उठायचं, नाव सांगायचं. माझी पाळी आली. म्या बारीक आवाज काढून म्हणलं, "बसू." पोरं फिसकारली. साहेब माझ्याकडं बघाय लागले. त्यांची नजर माझ्या व्हटावर. उन्हानं तोंड काळं कुळकुळीत, अन् मिशी गेली तिथं पांढरा पट्टा, जणू भिंतीला चुना मारलेला.

"ये बड़े मियाँ भी पढ़ते हैं?"

म्या मास्तरांकडं बघितलं. ते खोटं बोलणार न्हाईत, हे मला ठाऊक. खरं बोलले तर शाळा बुडाली, अन् बुडवणारा म्या. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. व्हटाकडंबी बघितलं. मग साहेबांना म्हणले, "कशावरून नाही? विचारून बघा."

साहेब म्हणले, सव्वाकी म्हणू द्या.

म्या तोंड उघडलं. शब्द येईना. रोज ऐकल्याली, बैलालाबी पाठ आसंल अशी सव्वाकी. मुन्शीचा टाक थांबला. मग माझ्या ध्यानात आलं, म्या ती बसून कवा ऐकलीच न्हाय. म्हणलं, "हुजूर, उठू का?" अन् उठलो. साहेबांच्या खुर्चीभोवती फिराय लागलो. बैलाच्या चालीनं, हात माघं बांधून. एक फेरी, अन् सुटलं तोंड. एक सव्वा सव्वा. बे सव्वा अडीच. तीन सव्वा पावणेचार. फेरी संपायची अन् पुढचं यायचं. साहेब माझ्यासंगं मान फिरवायले. दहा सव्वा साडेबारा झालं तरी मला थांबायचं कळंना, कारण मला रोज नीलव्वाच थांबवती. शेवटी तीच माघनं म्हणली, "होऽ."

म्या जागच्या जागी थांबलो.

साहेबांच्या दाढीत काहीतरी हाललं. म्हणले, "और ये बी साहिबा?"

मुन्शीनं तिला गणित घातलं. पावणेदोन शेर तेल, सात बायांना सारखं वाटायचं. मुन्शीचं तोंड मिटायच्या आत ती म्हणली, "पावशेर. पण सात जणी एका टायमाला आल्या तर म्या वाटत न्हाय. भांडणं व्हत्यात."

मुन्शीनं नावं लिवून काढली अन् मग त्यांना आकडे लावले. बेचाळीस. म्हंजे आमी दोघं सोडून चाळीस. बरोबर. म्या खिशात हात घातला तर बोट भाईर आलं. खिसा फाटलेला. दोन चिंचोके रस्त्यात पडले अन् त्यापायी माझी मिशी गेली. मास्तर हळूच म्हणले, "बसप्पा, मला विचारायला हवं होतंत. माझी ओळ रोज चार वेळा पुरी होत होती."

इजाजतीचा कागद निघाला. साहेब म्हणले, दस्तखत करा, आमाला सांजच्या बारक्या आगगाडीनं जायचंय.

मास्तर म्हणले, "आज शनिवार आहे. आभाळात तीन तारे दिसेपर्यंत मी लिहीत नाही."

मुन्शी म्हणला, "गाडी त्येच्या आदीच जाती, मास्तर. अन् साहेब पुन्हा येणार न्हाईत. आज सही न्हाय तर उद्या कुलूप."

म्या मास्तरांना कोपऱ्यात ओढलं. "एक सही करा. तुमचा देव दिसत न्हाय म्हणं, मग त्येलाबी काय दिसतंय."

"बसप्पा, सही केली तर शाळा मिळेल. मग उद्या पोरांना काय शिकवू? नेम सोपा असेल तेव्हाच पाळायचा?"

"मग माझा आंगठा लावतो की."

"तो तुमचा आहे." त्या दिवशी म्या पयल्यांदाच बघितलं, मास्तरांचे हात माघं धरलेले अन् एक हात दुसऱ्याला गच्च आवळून. शाळा त्यांची व्हती. म्या तर नुसती मिशी घालवलती.

साहेब ऐकत व्हते. मराठी त्यांना येत व्हती का न्हाय, मला अजून ठाऊक न्हाय. इस्टेशनाकडनं शिट्टी ऐकू आली. मुन्शीनं दप्तर काखंत मारलं. साहेब उठले अन् घाण्याच्या दगडावर जाऊन बसले. म्हणले, "मुन्शीजी, हम जुम्मे को दफ़्तर नहीं खोलते. ये सनीचर को क़लम नहीं उठाते. बैठ जाइए." अन् गाडी गेली.

मग आमी समदेच अंगणात. पोरंबी घरी जाईनात. साहेबांनी पाणी मागून घेतलं, पडवीच्या कडंला नमाज पढला. मास्तर आभाळाकडं बघत. म्या वरडलो, "ती बगा एक." मास्तर म्हणले, "तो शुक्र. ग्रह आहे, तारा नाही. धरायचा नाही." पुन्हा वरडलो, "ती बगा." ती महादेवाच्या देवळावरची पणती निघाली. नीलव्वा म्हणली, "तुमी खालीच बघा." खरी पयली चांदणी राधीला दिसली, दुसरी साहेबांना. तिसरी कुणालाच दिसंना, मग एकदमच समद्यांना दिसली.

नीलव्वानं दिवा आणला. मास्तरांनी टाक उचलला अन् सही केली. साहेबांनी खाली आपली केली. झालं. शाळा ऱ्हायली. म्या बैलाच्या गळ्यात पडलो, त्यानं पुन्हा वास घेतला अन् मान फिरवली.

मुन्शी दुसऱ्या एका कागदावर मास्तरांच्या माहितीचे रकाने भरत व्हता. नाव याकोब थळकर, गाव थळ, शिक्षण. मान वर न करता म्हणला, "घरात माणसं किती?"

"एक," मास्तर म्हणले.

त्यांच्या तोंडनं माणसाचा आकडा म्या पयल्यांदा ऐकला.

मुन्शी म्हणला, "मुंबईकडची धरून?"

"धरून."

मुन्शीनं रकान्यात एक लिवलं; म्हंजे मुंबईला त्यांचं कुणीच उरलं नव्हतं. बरे आहेत, बरे आहेत म्हणायचे ते कुणाबद्दल, हे आमी कवा इचारलंच नव्हतं. म्या तर त्यांच्या बाईसाहेबांच्या नाजूक पायांवर गावात चेष्टाबी केलती. जमिनीत जावं वाटलं.

नीलव्वा दिवा धरून हुबी व्हती. म्हणली, "मुन्शीजी, आकडा खोडा. ह्यांच्यात माणसाला आकडा लावत न्हाईत. नावं लिवा. याकोबमास्तर. त्येच्या खाली नीलव्वा. त्येच्या खाली बसप्पा."

मुन्शीनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर दिव्याकडं बघत व्हते. मुन्शीनं नावं लिवली अन् म्हणला, "म्होरं रकाना हाय. नातं काय लिवू?"

मास्तरांनी हात पुढं केला, कागद आपल्याकडं ओढला अन् सवताच्या हातानं त्या रकान्यात काहीतरी लिवलं. बारकंच. एकच शब्द आसंल. साहेबांनी बघितलं, मान हालवली, कागद घडी करून खिशात ठेवला.

नीलव्वा म्हणली, "काय लिवलं वं मास्तर?"

मास्तरांनी टाक पुसला. म्हणले, "सोमवारी घाणा बंद असतो. शाळेत येऊन बसा. महिन्याभरात स्वतःच वाचाल."

साहेब पाटंला टांग्यानं गेले, त्यो नात्याचा कागदबी त्यांच्यासंगं उस्मानाबादला गेला. तरीबी सोमवारी म्या अंग धुवून, टोपी घालून पडवीत गेलो. नीलव्वा पाटी घिऊन पयल्या रांगेत आदीच बसली व्हती. मला म्हणली, "माघं बसा. उंच हायव, पोरांना फळा दिसत न्हाय."